नळाचं पाणी

घाटीत, शवागाराच्या जिन्याखाली आमची खोली.
पहिल्या महिन्यात फॉर्मलिननं डोळे चुरचुरायचे,
आता कांद्यानंसुद्धा पाणी येत नाही.

हाड तसंच कापता येत नाही.
आधी आम्लात ठेवायचं, चुना सुटू द्यायचा,
रोज सुई टोचून बघायचं.
"ककडी होना," मुनीरचाचा म्हणायचे, "केला नहीं, ककडी."
बारा वर्षांत तो फरक बोटांना कळला.
नव्या मुलीला मात्र अजून सांगता येत नाही मला.

चाचा रंगारगल्लीतले.
त्यांचे आजोबा कढईत तुरटी टाकून लुगड्यांना रंग धरवायचे,
चाचा बाटलीत तुरटी टाकून पेशींना.
हेमॅटॉक्सिलीन तरी काय, कुठल्या तरी झाडाच्या लाकडाचा अर्क,
तुरटीवाचून कशालाच चिकटत नाही.
बाटलीवर अजून चाचांच्या अक्षरातली चिठ्ठी आहे:
हिलाना मत.

काच त्यातून काढली की तांबूस दिसते,
सदऱ्यावरच्या जुन्या जांभळाच्या डागासारखी.
निळी होते ती पाण्यात.
पुस्तकात लिहिलंय, वाहत्या नळाखाली पाच मिनिटं.
लिहिणाऱ्याच्या गावात नळ रोज वाहत असणार.
आमच्याकडे आठव्या दिवशी येतो, कधी दहाव्या,
मधल्या दिवसांत बोअरचं पाणी, पिंपातलं.
जड आहे, चहा नासतो त्यानं,
पण केंद्रकं दीड मिनिटात निळी.
हे कुठल्याच पुस्तकात नाही.

मग इओसिन. हाड गुलाबी होतं.
गुलाबीच्या काठाला निळ्या ठिपक्यांची रांग,
हे बांधणारे.
एखादा मोठा, आठ-दहा केंद्रकांचा,
आपण कुरतडलेल्या खड्ड्यातच बसलेला, हा खाणारा.
आणि आत, बांधता बांधता
आपल्याच भिंतीत राहून गेलेले गवंडी,
एकेका खोलीत एकेक.
खोलीतून खोलीत केसाएवढे बोगदे,
पाणचक्कीला येणारी नहर जमिनीखालून यायची तसे.
ते या रंगात नीट दिसत नाहीत.
त्यासाठी चाचा कोरडं हाड सहाणेवर घासायचे,
कागदासारखं पातळ होईपर्यंत,
रंग न लावता. पोकळीतली हवाच काळी दिसायची.

केसरबाई भालके, वय सेहेचाळीस, मुक्काम फुलंब्री.
उजव्या खुब्याचा तुकडा.
शुक्रवारी सुई टोचली, अजून कडक होता.
शनिवार-रविवार जोडून सोमवारची सुट्टी आली.
मंगळवारी काढला तेव्हा
ककडी नव्हती.

काच लावली. सगळं गुलाबी.
खोल्या होत्या, आत कुणी नव्हतं.
आम्ल जास्त झालं तरी असंच दिसतं,
निळं धरत नाही काहीच.
आणि हाड मेलेलं असलं
तरी असंच.

मॅडम यायला वीस मिनिटं होती.
काच परत रंगवली. परत पिंपात बुडवली.
पिंपाच्या झाकणावर कुणाचा तरी डबा ठेवला होता, तो पडला, भात सांडला,
तो तसाच राहू दिला.

मग डाव्या कोपऱ्यात, तुकड्याच्या अगदी टोकाला
एक रक्तवाहिनी सापडली,
केसाएवढी. तिच्या भिंतीत
पाच केंद्रकं. मोजली. निळी,
चांगली ठसठशीत निळी.
म्हणजे रंग धरला होता. आम्लानं काही केलं नव्हतं.

मी खुर्चीत मागे टेकले.
हातपाय सैल झाले, भूक लागली,
कँटीनमध्ये आज पोहे असतील असंही मनात आलं.

मग परत डोळा लावला.
काच सरकवत गेले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत,
एक खोली, दुसरी, तिसरी.
बाहेर रांगेत केसरबाईंचा मुलगा बसला होता,
आईची चप्पल पिशवीत घेऊन.
सकाळी त्यानं विचारलं होतं, कधी मिळंल?
मी म्हटलं होतं, पाणी आलं की.